लोकमान्यांची मिरवणूक

आज अनंत चतुर्दशी. दहा दिवस घराघरांत आणि आळीआळीत वास्तव्य करून श्रीगजानन आज स्वस्थानी निघतील. उत्तरपूजा होईल, मूर्तीच्या हातावर दही ठेवले जाईल, मूर्ती आसनावरून किंचित हलवली जाईल आणि मोरयाचा गजर होताच पालघरच्या आळ्यांतून, बोईसरच्या कामगार वसाहतींतून, तारापूर-चिंचणीच्या पाखाड्यांतून ताशांचा कडकडाट सुरू होईल. कुठे लेझीम, कुठे झांजा, कुठे बेंजो. कोळीवाड्यातील स्त्री-पुरुष आपल्या ठेक्यावर पावले टाकतील. दक्षिण कोकणातून नोकरीधंद्यासाठी आलेली मंडळी गावाकडची जाखडी धरतील, तर खानदेशातून आणि मराठवाड्यातून कारखान्यांत आलेला कामगार हलगीच्या तालावर आपले गाव आठवील. पूर्वेकडच्या डोंगरपट्टीतील पाड्यांवर गौरी-गणपतीच्या दिवसांत गौरीनाच फेर धरून जातो, आणि भात पिकू लागताच तारप्याचा घुमणारा सूर ऐकू येऊ लागतो.

हे सारे आपल्याला इतके परिचयाचे झाले आहे की, देवाची पाठवणी अशीच होत आली असावी असे वाटते. परंतु तसे नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी घरचा गणपती घरची मंडळी डोक्यावर किंवा पाटावर घेऊन आपापल्या सोयीने नदीवर, तळ्यावर वा समुद्रावर नेत. कोणाचा दीड दिवसांचा, कोणाचा पाच दिवसांचा, कोणाचा गौरीबरोबर जाणारा. संपन्न घरी वाजंत्री असे, गरिबाघरी नुसती टाळी. शेजारच्या आळीचा गणपती केव्हा निघाला याची वार्ताही या आळीला नसे. या विखुरलेल्या निरोपाला एका दिवशी, एका रस्त्यावर, एका तालात गुंफण्याचे काम ज्यांच्या हातून झाले, त्यांत अग्रभागी लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे नाव येते. त्यांचे राजकीय चरित्र सर्वश्रुत आहे. आजच्या पुण्यदिनी आम्ही त्यांचे चरित्र मिरवणुकीच्या वाटेने पाहणार आहोत, कारण या वाटेवर त्यांनी आपली विद्या, आपला लौकिक आणि प्रसंगी आपले स्वातंत्र्यही पणाला लावले होते.

गणिती आणि तालीम

लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. घराणे दापोली तालुक्यातील चिखलगावचे. पाळण्यातले नाव केशव, परंतु बाळ हेच नाव रूढ झाले. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या दोन्हींत त्यांची गती होती. त्यांची बदली झाल्यामुळे १८६६ साली कुटुंब पुण्यास आले आणि त्याच वर्षी आई पार्वतीबाई निवर्तल्या. १८७२ साली वडीलही गेले. सोळा वर्षांच्या या पोरक्या मुलाचा विवाह आदल्या वर्षी सत्यभामाबाईंशी झालेला होता. संसाराचे ओझे आणि पुढचे शिक्षण, दोन्ही त्याच्या खांद्यावर आली.

डेक्कन कॉलेजात प्रवेश केल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यासात न घालवता तालमीत घालवले ही गोष्ट त्यांच्या सर्व चरित्रकारांनी नोंदवली आहे. प्रकृती अशक्त होती. ती सुधारल्याखेरीज विद्या फलद्रूप होणार नाही असे मनाशी ठरवून कुस्ती, पोहणे, दंड-जोर यांत त्यांनी ते वर्ष खर्ची घातले आणि परीक्षेत नापास होण्याचा तोटा शांतपणे सोसला. पुढे मेळ्यांतून आणि मिरवणुकांतून तालमीतील तरुण लेझीम घेऊन नाचू लागले, तेव्हा त्यांच्याकडे कमीपणाने पाहण्याची वृत्ती या पदवीधराच्या ठायी का नव्हती, याचे मूळ आम्हांस या वर्षात दिसते. व्यायामशाळेची माती त्यांनी स्वतः अंगाला लावलेली होती.

१८७७ साली ते बी. ए. झाले, १८७९ साली कायद्याची पदवी मिळाली. सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असता त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि इतर सहकाऱ्यांसह जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या आरंभी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज आणि १८९० साली मतभेदांमुळे राजीनामा. इथवरचे त्यांचे आयुष्य वर्गात आणि छापखान्यात गेले. ऐकणारे होते ते शिकलेले, वाचणारे होते तेही शिकलेले. ज्याला अक्षरओळख नाही त्या कुणब्यापर्यंत, कारागिरापर्यंत, गिरणी कामगारापर्यंत पोहोचण्याची वाट अजून सापडायची होती.

१८९३ सालचा भाद्रपद

ती वाट दाखवणारे दुसरेच होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. पुण्याचे कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरीस गेले असता तेथे शिंदे सरकारच्या दरबारी थाटाने होणारा गणेशोत्सव त्यांनी पाहिला आणि तसा काही उपक्रम पुण्यात व्हावा अशी कल्पना त्यांनी बोलून दाखवली. भाऊसाहेब रंगारी या नावाने प्रसिद्ध असलेले भाऊसाहेब जावळे, गणेश नारायण घोटवडेकर, वैद्यराज अण्णासाहेब पटवर्धन अशा मंडळींनी ती कल्पना उचलून धरली आणि पुण्यात सार्वजनिक गणपती बसले. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ सालीच असा उत्सव सुरू झाला. पहिला मान कोणाचा याविषयी पुणेकरांत आजही वाद रंगतो. आम्हांस त्या वादात शिरावयाचे नाही. देवाच्या कार्यात आरंभ करणारा मोठा, आणि ते कार्य पेलून नेणारा त्याच्याइतकाच मोठा.

टिळकांनी त्या वर्षी २६ सप्टेंबरच्या 'केसरी'त या उपक्रमाचे स्वागत केले आणि पुढच्याच वर्षी, १८९४ साली, विंचूरकर वाड्यात स्वतः गणपती बसवला. त्यांचे वय तेव्हा अडतीस होते. कायद्याचे वर्ग घेणारा, वेदांच्या कालनिर्णयावर ग्रंथ लिहिणारा हा विद्वान ढोल-ताशांच्या गर्दीत उभा राहिला याचे अनेक सुशिक्षितांना नवल वाटले, कित्येकांना ते रुचलेही नाही. रस्त्यावर वाजवीत, नाचत जाणे म्हणजे उनाडपणा, असा त्या काळच्या पांढरपेशा समाजाचा समज होता. टिळकांनी त्या समजाची पर्वा केली नाही.

उत्सवाला व्यवस्था हवी, हे त्यांनी पहिल्यापासून जाणले. आळीआळीचे गणपती एकाच दिवशी रस्त्यावर आले की पुढे कोण आणि मागे कोण हा तंटा अटळ होता, आणि १८९४ साली तो उभा राहिलाच. टिळकांनी निवाडा दिला : कसबा गणपती ग्रामदैवत म्हणून पहिला, तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवी म्हणून तिचा गणपती दुसरा. निवाड्यात धनाचा वा वजनाचा विचार नव्हता. गावाच्या श्रद्धेचा होता. म्हणूनच तो टिकला. पुण्याची विसर्जन मिरवणूक आजही कसबा गणपती निघाल्याशिवाय सुरू होत नाही. त्यामागोमाग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा असा मानाचा क्रम चालतो. यांतील गुरुजी तालमीचा गणपती हिंदू शिंदे आणि मुसलमान नालबंद या घराण्यांनी मिळून बसवला, अशी परंपरा पुणेकर अभिमानाने सांगतात.

मेळ्यांचे गाणे

मिरवणुकीचा प्राण होता मेळा. नव्या पिढीला हा शब्द आता विशेष परिचित नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आळीतील वीस-पंचवीस मुले, मोठा मेळा असेल तर त्याहून कितीतरी अधिक, एका वेषात, हातांत टिपऱ्या किंवा लेझीम घेऊन, पावलांचा ठेका धरून समूहाने पदे म्हणत. बरोबर ढोलकी, झांज आणि सूर धरणारी पेटी. उत्सवाच्या आधी कित्येक आठवडे संध्याकाळी तालमी चालत. आळीतीलच कोणी मास्तर किंवा कारकून पदे रचून देई. चाली बहुधा लोकप्रिय नाट्यपदांच्या असत, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या तोंडी त्या चटकन बसत. पदांचा आरंभ गणेशस्तवनाने होई, मग पुराणकथा, शिवछत्रपतींचे चरित्र, आणि हळूच त्यात देशाची स्थिती, दारूचा निषेध, पुढे स्वदेशीचा आग्रह. सन्मित्र समाजासारख्या मेळ्यांनी तर पुण्यात मोठा लौकिक मिळवला. मेळे ठिकठिकाणच्या गणपतींपुढे जाऊन पदे म्हणत आणि टिळकांच्या वाड्यावरही हजेरी लावीत.

स्वतः लोकमान्य गवई नव्हते. तथापि गुणाची पारख त्यांच्यापाशी होती. बाल नारायण राजहंसाचे गाणे ऐकून त्याला बालगंधर्व ही पदवी त्यांनी दिली, असे परंपरेने सांगितले जाते. मेळ्यांकडे मात्र ते गायनकलेच्या दृष्टीने पाहत नसावेत. आपल्या धर्मात नवविधा भक्तीतील कीर्तनाचे स्थान श्रवणाच्या लगेच नंतरचे आहे. श्रीगणेश चौदा विद्या व चौसष्ट कलांचा अधिपती, आणि त्याची एक मूर्ती तर नृत्यगणपती म्हणूनच पूजिली जाते. देवापुढे गाणे आणि नाचणे ही करमणूक नसून उपासना आहे हे वारकऱ्यांनी शतकानुशतके दाखवले होते. पंढरीच्या वाटेवर जे दिंडी करते, ते गावाच्या रस्त्यावर मेळ्याने करावे, इतकाच हा विचार. ज्याला लिहिता येत नाही त्याला गाता येते, ज्याला भाषण देता येत नाही त्याला ठेका धरता येतो, आणि जो एका सुरात गातो तो शेजाऱ्याला परका मानू शकत नाही, हे मेळ्यांचे सामर्थ्य होते. पुढे मेळ्यांनी रंगभूमीला आणि संगीताला कलावंतही दिले. सुप्रसिद्ध गायिका सुलोचना चव्हाण यांच्या गाण्याचा श्रीगणेशा गिरगावातल्या मेळ्यातच झाला होता.

कसोटीचे प्रसंग

हा इतिहास सर्वस्वी गोड नाही आणि श्रद्धावंत वाचकांपासून त्याची कडू बाजू लपवणे आम्हांस योग्य वाटत नाही. उत्सवाच्या जन्माच्या वेळी वातावरण तापलेले होते. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्याआधी पुण्यातील कित्येक हिंदू कुटुंबे मोहरमच्या ताबुतांत भाग घेत, नवस करीत, वाद्ये वाजवीत. मेळ्याचे बाह्य रूपही अंशतः मोहरमच्या टोळ्यांकडूनच आलेले आहे. दंग्यानंतर हा शेजार तुटला. प्रार्थनास्थळावरून वाद्ये वाजवीत जावे की न जावे हा प्रश्न पेटला आणि सप्टेंबर १८९४ मध्ये पुण्यात दारूवाला पुलाजवळ मेळ्यावरून मारामारी झाली. काही मेळ्यांची पदे त्या काळी तिखट होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. टिळक तेव्हा हिंदूंच्या बाजूने निर्भीडपणे लढले. सरकार पक्षपात करते हा त्यांचा आरोप होता आणि त्यात त्यांनी माघार घेतली नाही.

परंतु माणसाचे मोठेपण त्याच्या संपूर्ण प्रवासावरून मोजावे. ज्यांच्यावर १८९४ साली एका समाजाचे पुढारी असा शिक्का बसला, त्याच लोकमान्यांनी १९१६ साली लखनौस हिंदू-मुसलमान ऐक्याच्या करारास पाठिंबा दिला आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. रस्त्यावरून कोणी वाजवीत जावे या भांडणापासून सर्वांनी मिळून एका वाटेने जावे इथपर्यंतचा हा बावीस वर्षांचा प्रवास आहे.

त्या प्रवासाची किंमत त्यांनी तुरुंगात भरली. १८९६-९७ चा दुष्काळ, मग प्लेग, आणि प्लेगच्या बंदोबस्तातील जुलुमातून २२ जून १८९७ रोजी झालेला रँडवरील हल्ला. पाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. तो चालला ऐन भाद्रपदात. १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ज्या महिन्यात ते वर्षानुवर्षे गणपतीपुढे मेळे ऐकत बसावयाचे, त्या महिन्यात ते कैदी झाले. सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीपूर्वी सुटका होऊन ते परतले.

पुढे १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीत मेळे हे लोकशिक्षणाचे प्रमुख साधन झाले. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांवर जी निरोधने झाली, त्यांमागे लोकमान्यांचीच प्रेरणा होती. मुंबईच्या गिरणी कामगारांपुढेही त्यांनी दारूबंदीवर व्याख्याने दिली. देवापुढे नाचणाऱ्याच्या पावलात भक्तीची धुंदी असावी, मद्याची नसावी, हे आज वेगळे सांगण्याची वेळ येते, तेव्हा त्यांच्या या कार्याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. त्याच वर्षी २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची काळ्यापाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. वर्षाला एक दिवस, याप्रमाणे सहा दिवस. १८९० साली जो लोकसमूह त्यांच्यापासून दूर होता, तो अठरा वर्षांत असा त्यांचा झाला.

मंडालेचा एकांत

लोकमान्य मंडालेस गेल्यावर सरकारची नजर मेळ्यांकडे वळली. १९१० च्या सुमारास पदांची तपासणी, पोलिसांचे परवाने, पदांच्या पुस्तकांची जप्ती आणि मेळ्यांवर बंधने असे एकामागून एक उपाय झाले आणि पुण्याचे रस्ते पुष्कळ मूक झाले. मुलांच्या टिपऱ्यांचे आणि झांजांचे भय साम्राज्याला वाटावे, हाच त्या गाण्याचा मोठा गौरव म्हटला पाहिजे.

इकडे ब्रह्मदेशातील त्या तुरुंगात, लाकडी कोठडीत, बावन्न वर्षे ओलांडलेला मधुमेही माणूस एकटा बसला होता. तेथे ना आरती, ना मेळा. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले. १९१२ साली सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या, ती वार्ता त्यांना तुरुंगातच कळली. जून १९१४ मध्ये ते सुटून आले आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथातील लोकसंग्रहाचा विचार वाचताना आम्हांस वाटते की, विंचूरकर वाड्यातील गणपतीचे रहस्य येथे उलगडले. ज्ञानी पुरुषाला स्वतःसाठी काही मिळवावयाचे नसले तरी त्याने लोकांत राहून, लोकांबरोबर कर्म करीत, त्यांना सन्मार्गावर ठेवावे, असा गीतेचा उपदेश आहे. विद्वानाने देवघराचे दार लावून एकट्याने अथर्वशीर्षाची आवर्तने करणे हेही पुण्यच. परंतु आळीच्या गर्दीत उतरून त्या गर्दीला सूर, शिस्त आणि हेतू देणे हा कर्मयोग. लोकमान्यांनी तो आधी आचरला आणि मग लिहिला.

चौपाटीवरील शेवट

१९१६ ची होमरूल चळवळ, १९१८-१९ चा विलायतचा प्रवास आणि अखंड दगदग यांनी शरीर थकले. १ ऑगस्ट १९२० च्या प्रारंभी, मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्यांची प्राणज्योत मालवली. त्या दिवशी पाऊस कोसळत होता. भर पावसात लाखो माणसे रस्त्यावर आली. त्यांचा देह बसलेल्या स्थितीत ठेवून मिरवणुकीने नेण्यात आला. महात्मा गांधींनी खांदा दिला, मौलाना शौकत अलींनी खांदा दिला, डॉ. किचलूंनी खांदा दिला. रस्त्याला भजनाचा आणि जयघोषाचा नाद होता. सरकारने विशेष बाब म्हणून परवानगी दिल्यावरून स्मशानाऐवजी गिरगाव चौपाटीवर, समुद्राच्या काठी, चंदनाच्या चितेवर अग्निसंस्कार झाला.

ज्या वाळूवरून गिरगावचे गणपती समुद्रात जातात, त्याच वाळूवर गणेशोत्सवाच्या या धुरीणाचा देह पंचत्वात विलीन झाला. आज तेथे त्यांचा पुतळा आहे, आणि विसर्जनाला जाणाऱ्या मूर्ती दरवर्षी त्याच्या समोरून जातात. ज्याने आयुष्यभर लोकांची मिरवणूक बांधली, त्याची मिरवणूक लोकांनी अशी काढली.

त्यांच्यामागे ही वाट त्यांच्या अनुयायांपुरती राहिली नाही. १९२२ च्या सुमारास केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने पुण्यात ब्राह्मणेतरांची बाजू परखडपणे मांडली, टिळकपक्षावर टीकाही केली. १९२६ साली दादरच्या गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा अधिकार मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे यांनी आग्रह धरला आणि त्यानंतर तेथे सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. रस्त्यावरचा देव सर्वांचा म्हटला की, त्याच्यापुढे आपलेही गाणे गाण्याचा हक्क सर्वांनी मागावा हे क्रमप्राप्तच होते. ज्याने सर्वांना आवाज दिला, त्याच्याविरुद्धही तो आवाज उठावा, यात त्या देण्याचा कमीपणा नाही.

आपल्या वाटेवर

पालघरकरांना मिरवणुकीचे मोल निराळे सांगावयास नको. १४ ऑगस्ट १९४२ रोजी याच गावात लोकांचा मोर्चा कचेरीवर चालून गेला, गोळीबार झाला, आणि काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठोसर, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे या पाच वीरांनी देह ठेवला. नावे पाहिली तरी कळते की, त्या रस्त्यावर वेगवेगळ्या घरांची मुले एकत्र चालत होती. एकत्र चालण्याची ही सवय समाजाला एका दिवसात लागत नाही. उत्सवांनी, दिंड्यांनी, मेळ्यांनी ती आधीच्या पिढ्यांत मुरवली होती. योगायोग असा की, पालघर जिल्हा अस्तित्वात आला तोही १ ऑगस्ट रोजी, २०१४ साली, लोकमान्यांच्या पुण्यतिथीस.

त्यानंतरच्या काळात या पट्ट्याचे रूप पालटले. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे पोटासाठी आली. आज बोईसरच्या एका चाळीत चार बोलींची घरे नांदतात. १८९४ च्या पुण्याहून हा समाज अधिक विविध आहे, म्हणून त्याला बांधणाऱ्या तालाची गरजही अधिक आहे. हा ताल भाड्याने आणलेल्या यंत्राच्या भिंतीतून मिळेल काय, याचा विचार प्रत्येक मंडळाने आपल्याशी करावा. यंत्राचा आवाज मोठा असतो खरा. पण त्याच्यापुढे शेजारच्याचे गाणे ऐकू येत नाही, स्वतःचेही येत नाही. छातीत धडकी भरते, आजाऱ्याची झोप उडते, तान्हे मूल दचकते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला आवर घातला आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सणांच्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याची सोय नियमांतच आहे. परंतु कायदा आवाजाची मर्यादा ठरवील, भक्तीची रीत तो ठरवू शकत नाही. ती आपणच ठरवावयाची.

आपल्या परिसरातील तारपानृत्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. वाळलेल्या भोपळ्याचा, बांबूचा, ताडाच्या पानाचा तो तारपा वाजवणारा मध्ये असतो. नाचणारे स्त्री-पुरुष हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याला पाठ दाखवीत नाहीत. कोणी प्रेक्षक म्हणून बाजूला उभा राहत नाही. ज्याला वाटेल तो साखळीत हात देतो. मेळ्याचेही मर्म हेच होते, आणि पंढरीच्या दिंडीचेही. देव मध्ये, सूर त्याच्या जवळ, आणि माणसाचा हात माणसाच्या हातात.

म्हणून आज सायंकाळी आपल्या आळीचा गणपती निघेल तेव्हा आमची वाचकांना नम्र विनंती इतकीच आहे : घरातील मुलांच्या हाती झांज द्यावी, लेझीम द्यावी, ती नसेल तर टाळी द्यावी. वडीलधाऱ्यांनी एखादे भजन धरावे. शेजारी नव्याने राहावयास आलेले कुटुंब दारात संकोचून उभे असेल तर त्यांना हाक मारून रांगेत घ्यावे. रुग्णालयापुढे आणि कोणाच्याही प्रार्थनास्थळापुढे आपण होऊन वाद्ये मंद करावीत. समुद्रावर, खाडीवर, तळ्यावर पोहोचल्यावर मूर्ती जपून पाण्यात सोडावी. लोकमान्यांनी ही वाट घालून दिली, त्या वाटेवरून चालताना आपला आवाज आपल्या कंठातून निघावा आणि तो सर्वांच्या आवाजात मिसळावा, एवढी बुद्धी त्या बुद्धिदात्याने आम्हां सर्वांना द्यावी आणि पुढील वर्षी पुन्हा आपल्या घरी यावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.